जावास्क्रिप्टमधली डिफॉल्ट व्हॅल्यू आणि बिचारा शून्य

तुझ्या बिल काढणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत 'दर = दर || १८' असं दिसलं, म्हणजे दर दिला नाही तर डिफॉल्ट (आपोआप धरायची किंमत) १८. जुन्या ट्यूटोरियलमधून उचललं असणार. २०१५ च्या आधी जावास्क्रिप्टमध्ये असंच काहीतरी करावं लागायचं. पण ही दोन उभ्या रेघांची युक्ती शून्य, रिकामी स्ट्रिंग (मजकूर) आणि फॉल्स (खोटं) यांनाही 'काही दिलंच नाही' असं समजते. करमाफ वस्तूसाठी कुणी मुद्दाम ० पाठवला, तरी बिलावर १८ टक्के जीएसटी लागणार. एररही येणार नाही, ग्राहकच ओरडेल तेव्हा कळेल.

त्यापेक्षा कंसातच लिही: बिल(रक्कम, दर = १८). इथे डिफॉल्ट फक्त अनडिफाइन्ड (म्हणजे किंमत दिलीच नाही) आलं तरच लागतो. नल (मुद्दाम ठेवलेलं 'काही नाही') आलं तर लागत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. जेसनमध्ये (प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकुराच्या साच्यात) अनडिफाइन्ड लिहिताच येत नाही, त्यामुळे एपीआयवाले, म्हणजे दुसरीकडून माहिती पुरवणारे प्रोग्रॅम, सर्रास नल पाठवतात, आणि गुणाकारात त्या नलचा गुपचूप शून्य होतो. अशा ठिकाणी २०२० साली आलेलं ?? वापर. ते नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही पकडतं, शून्याला हात लावत नाही.

रिकामा अ‍ॅरे (यादी) डिफॉल्ट दिलास तरी चालेल, प्रत्येक कॉलला नवा बनतो. पायथनमध्ये मात्र हे करू नकोस. तिथे एकच लिस्ट सगळ्या कॉल्सना वापरली जाते आणि आधीचा माल तिच्यात साचत राहतो.

डिफॉल्टवाली आर्ग्युमेंट्स (कंसात घेतलेल्या किमती) शेवटी ठेव. फारच वाढली तर एकच ऑब्जेक्ट (नावं दिलेल्या किमतींचा गठ्ठा) घेऊन तो कंसातच उलगड, म्हणजे त्यातल्या किमती तिथेच वेगळ्या काढ. फक्त पुढे = {} (रिकामा ऑब्जेक्ट) लाव, नाहीतर रिकाम्या कॉलला टाइपएरर येईल.