एका वॅटात अटलांटिक पार?

प्रश्न : हॅमवाले (हौशी रेडिओवाले) १३६ किलोहर्ट्झवर एक वॅटमध्ये अटलांटिक पार करतात असं वाचलं. इथे किलोवॅटवालं मीडियम वेव्ह स्टेशन दुपारी नीट लागत नाही, मग हे कसं जमतं? आणि मला घरी ऐकू येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : जमतं, पण ते ऐकत नाहीत हो, बघतात. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा, लहरीची लांबी साधारण २२०० मीटर, म्हणजे पाव लहरीचा अँटेना उभारायचा तर साडेपाचशे मीटरचा खांब हवा. तो परसात कोण उभारणार! मग पंधरा-वीस मीटर उंच वायर आणि खाली बादलीएवढी कॉइल, त्यात शेकडो वॅट ओतायचे, बहुतेक सगळे कॉइल आणि जमीन तापवण्यात जातात आणि हवेत जेमतेम एक वॅट सुटतो (नियमाची मर्यादाही तेवढीच).

खरी गंमत वेगात आहे. नेहमीच्या मोर्समध्ये एक डॉट सेकंदाच्या दहाव्या भागाचा, इथे तो साठ सेकंदांचासुद्धा असतो, म्हणजे नुसती कॉलसाइन (स्टेशनचं सांकेतिक नाव) पाठवायला तासभर! पण सिग्नल जितका सावकाश तितका रिसीव्हरचा पट्टा अरुंद करता येतो, खरखर बाहेर राहते आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पुसट रेघ उमटते. २००१ मध्ये इंग्लंड-कॅनडा दुतर्फा संपर्क झाला तो असल्याच कासवचालीनं. पुढे २००८ मध्ये जो टेलर यांनी डब्ल्यूएसपीआर हे क्षीण सिग्नल टिपणारं सॉफ्टवेअर काढलं, पल्सारच्या (ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंदनं देणाऱ्या ताऱ्यांच्या) कामासाठी १९९३ चं नोबेल मिळालं तेच हे, क्षीण सिग्नल हुडकायची सवय जुनीच म्हणायची.

दुपारचं म्हणाल तर आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) सर्वांत खालचा डी थर मीडियम वेव्ह गिळतो, रात्री तो विरतो. १३६ वरही लांबचं रात्रीच जमतं, त्यातही हिवाळ्यात, कारण वळवाच्या विजांचा कडकडाट नसतो.

मिरजेतून युरोपातला हौशी सिग्नल? स्पष्टच सांगते, आशा नको. आधी नेटवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर उघडून बघा, फुकट आहे. घरी करायचंच तर तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदलाच्या रेडिओ केंद्राचं १८.२ किलोहर्ट्झ धरा, पाणबुड्यांसाठीचं आहे त्यामुळे मजकूर कळणार नाही पण रेघ दिसेल. लाकडी चौकटीवर वायरचे शंभरेक वेढे, लॅपटॉपच्या माइक पिनला जोडा, सॅम्पलिंग (सेकंदाला किती वेळा सिग्नल मोजायचा ते) ४८ किलोहर्ट्झ, आणि सगळं घेऊन गच्चीवर. लॅपटॉप बॅटरीवरच हं, चार्जर लावलात की त्याचीच रेघ दिसेल!