प्रेअरी डॉगसाठी कोणती रायफल? वाचकांचे प्रश्न, माजी सुभेदारांची उत्तरं

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत, साउथ डकोटात गुरांचा डॉक्टर आहे. ग्रीन कार्ड मिळालंय. ज्या रँचवर तो गुरं तपासायला जातो, तिथले मालक त्याला कुरणातले प्रेअरी डॉग मारायला बोलावतात. त्यासाठी त्याला नेमकी चालणारी बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढून भरायची) रायफल घ्यायची आहे. दुकानदार .२२-२५० काडतुसाची घे म्हणतो, मित्र .२२३ ची म्हणतात, आणि जो तो 'एका मिनिटाची हमी' सांगतो. हे मिनिट म्हणजे काय आणि त्याने घ्यावं काय? – एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, पुतण्याला सांगा, .२२३ रेमिंग्टन, जड नळी, साधा दस्ता. वाचलेले पैसे दुर्बीण आणि काडतुसांवर घालायचे. आता कारणं सांगतो. मी महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये शिकवलंय, आणि मुलगी-जावई नेब्रास्कात असल्यामुळे तिकडच्या कुरणांतही पालथा पडलोय.

प्रेअरी डॉग हा खारीच्या कुळातला, बिळात वस्ती करणारा प्राणी. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहिला, की समोरून जेमतेम तीन-चार इंच रुंद दिसतो. रँचवाल्यांचं म्हणणं असं, की तो गुरांच्या वाट्याचं गवत खातो. मारायचाच तर तो एका गोळीत जागच्या जागी गेला पाहिजे. कंबर मोडलेला प्राणी सरपटत बिळात शिरतो आणि आत तडफडत मरतो. आपण वर बसून नेम चुकला म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. हे मला सहन होत नाही, म्हणून अचूकपणाबद्दल मी एवढा आग्रही आहे.

मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो १.०४७ इंच भरतो, ३०० यार्डांवर तीन इंचांच्या थोडा वर. एका मिनिटाची रायफल १०० यार्डांवर सगळ्या गोळ्या साधारण इंचभर रुंदीच्या घेरात टाकते. पण किती गोळ्या, हे विचारायला हवं. बऱ्याच कंपन्यांची हमी तीन गोळ्यांची असते, आणि तीन गोळ्या योगायोगानेही शेजारी-शेजारी पडतात. पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) घ्यायचा, नळी निवू द्यायची, पुन्हा पाच. असे चार-पाच कागद झाले, की त्यांतला सगळ्यात वाईट ग्रुप धरायचा. रायफलची खरी लायकी तीच.

समजा, एक रायफल अर्ध्या मिनिटाची आहे आणि दुसरी एका मिनिटाची. ३०० यार्डांवर दोघींच्या घेरात फरक दीड इंचाचा. आता वारा बघा. ताशी १० मैलांचा आडवा वारा .२२३ ची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या आणि दारूच्या वजनाचं माप) गोळी ३०० यार्डांवर दहा इंचांच्या आसपास बाजूला ढकलतो. वाऱ्याचा अंदाज ताशी तीनच मैलांनी चुकला, तरी गोळी तीन इंच सरकली. म्हणजे महागड्या रायफलने जे कमावलं, ते वारा न वाचता आल्याने व्याजासकट गेलं. म्हणून दुप्पट किमतीची रायफल घेण्यापेक्षा साधी घेऊन शेकड्याने काडतुसं झाडलेली बरी.

महूला बेरछाच्या रेंजवर मे महिन्यात जमिनीवरून तापलेली हवा नाचायची. जवानांना मी तीच वाचायला लावायचो. दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणायचा. हवेच्या लाटा सरळ वर उकळताना दिसल्या, तर आडवा वारा नाही. एका बाजूला कलल्या, तर मंद वारा. आडव्या पाण्यासारख्या वाहू लागल्या, की जोराचा. मधल्या अंतरातलं गवतही बघायचं, कारण बंदुकीपाशी आणि लक्ष्यापाशी वारा एकच असेल असं नाही. साउथ डकोटातली माळरानं उघडी आहेत, तिथे हे रोज उपयोगी पडेल.

आता .२२-२५०. काडतूस उत्तम आहे, वाद नाही. ५५ ग्रेनची गोळी ती सेकंदाला ३,६८० फुटांच्या आसपास फेकते, .२२३ साधारण ३,२४०. पण त्यासाठी .२२-२५० ला ३५ ग्रेनच्या आसपास दारू लागते, तर .२२३ चं काम पंचविसाच्या आसपास भागतं. प्रेअरी डॉगच्या वस्तीत सकाळभर गोळ्या सुटतात. नळी तापते आणि काडतूस बसतं त्या जागेच्या लगेच पुढचा भाग जळत जातो. .२२-२५० ची नळी त्यामुळे फार लवकर संपते. .२२३ ची काडतुसं स्वस्त, कुठेही मिळणारी, धक्काही कमी. धक्का कमी असला, की आपली गोळी कुठे पडली ते दुर्बिणीतून स्वतःला दिसतं, आणि पुढची दुरुस्ती तिथूनच करता येते. रँचवर फक्त शे-दीडशे यार्डांतलीच शिकार असेल, तर .१७ एचएमआर हे छोटं काडतूस पुरे.

नळीच्या आतल्या खाचांचा पीळ विचारून घ्यायचा, हा मुद्दा दुकानात हमखास राहतो. १२ इंचांत एक फेरा देणारी नळी ४० ते ५५ ग्रेनच्या गोळीला छान, पण ६९ किंवा ७७ ग्रेनची लांब गोळी तिच्यातून डगमगत जाते. ८ इंचांत एक फेरा असेल, तर हलकी-जड दोन्ही चालतात. वाऱ्याच्या मुलखात जड गोळीची मुभा असलेली बरी.

नावं सांगायची तर टिक्का टी३एक्स, सॅव्हेज ११० आणि होवा १५००. तिघींच्या जड नळीच्या आवृत्त्या आहेत. मी स्वतः टिक्का घेईन, तिचा बोल्ट फार मऊ फिरतो. सॅव्हेजच्या ॲक्युट्रिगरचा दाब घरच्या घरी कमी-जास्त करता येतो, हा तिचा मोठा गुण. चाप दोन ते तीन पौंडांत, कुठेही न अडखळता सुटला पाहिजे.

काउंटरवर रायफल हातात आली, की एक नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवत मागे न्यायची. कुठेही अडकता कामा नये. मग दस्त्याचा पुढचा भाग नळीकडे दाबून बघायचा. दाबल्यावर टेकत असेल, तर तापल्यावर किंवा टेकूवर ठेवल्यावरही टेकेल आणि गोळीची जागा बदलेल. पुढे नळीचं तोंड भिंगाखाली धरायचं. त्या कडेवर बारीकसा टवका असला, तरी गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि तिच्या बुडाला तिरका धक्का देतो. जुनी रायफल घेताना हे आधी पाहावं. नवीन घेतली, तर दोन-तीन कंपन्यांची काडतुसं आणून तिला कोणतं रुचतं ते ठरवायचं, आणि तेच पेटीने घ्यायचं.

दुर्बीण ४ ते १६ पट मोठं दाखवणारी पुष्कळ झाली, मात्र पॅरॅलॅक्स जुळवण्याची सोय हवीच. ती नसेल, तर डोळा जरा हलला की क्रॉस (नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकतो.

पुतण्या डॉक्टर आहे, त्याला हे लगेच पटेल. शिशाची गोळी प्राण्यात बारीक तुकडे होऊन पसरते. ते मेलेले प्राणी गरुड आणि ससाणे खातात आणि त्यांना शिशाची बाधा होते. शिसं नसलेल्या व्हार्मिंट (उपद्रवी छोट्या प्राण्यांसाठीच्या) गोळ्या मिळतात, त्याच घ्याव्यात. दुसरं, काळ्या पायांचा फेरेट, हा मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी, जगतो तोच प्रेअरी डॉगवर. नामशेष झाला असं मानलेला तो प्राणी १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये मीटीत्सीजवळ पुन्हा सापडला. साउथ डकोटातल्या कोनाटा बेसिनमध्ये त्याच्यासाठी प्रेअरी डॉगवर गोळी चालवायला बंदी आहे. कुठे चालतं, कुठे नाही, ते राज्याच्या वन्यजीव खात्याकडून लेखी घ्यावं. आणि मेलेला प्राणी उघड्या हाताने उचलू नये. त्यांच्या पिसवांतून प्लेग येतो.

तिकडे व्हिसावर असलेल्या वाचकांसाठी एक सूचना. ग्रीन कार्डवाल्याचं वेगळं. तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगणं हा तिथे संघराज्याचा गुन्हा आहे. सूट आहे, पण त्यासाठी हातात तिथल्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना वगैरे असावा लागतो. मित्राची बंदूकही आधी परवाना, मग हातात.

प्रश्न : सांवेरजवळ आमचं सोयाबीन रोजडे (नीलगायी) लोळवतात. वडिलांच्या नावावर .३१५ रायफलचं लायसन्स आहे. अचूक दुर्बीण बसवून दोन-चार पाडले तर? – एक शेतकरी वाचक

उत्तर : पाडू नका. तुमचं नुकसान मला कळतं, एका रात्रीत एकरभर पीक भुईसपाट झालेलं मीही पाहिलंय. पण रायफलचं लायसन्स म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नीलगायीला संरक्षण आहे. कलम ११ खाली उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं लिहून लेखी आदेश देऊ शकतो. तो कागद हातात नसताना गोळी सुटली, तर तुरुंगाशी गाठ आहे आणि लायसन्सही जाईल. शिवाय .३१५ ची गोळी चुकली, तर शेत ओलांडून वस्तीपर्यंत जाते, आणि तुमच्या भागात शेतापलीकडे लगेच दुसऱ्याचं घर असतं.

नुकसान झालं त्याच दिवशी फोटो काढा, पटवाऱ्याला बोलावून पंचनामा करवून घ्या आणि तहसीलमध्ये आरबीसी ६-४ (महसूल खात्याचे भरपाईचे नियम) खाली भरपाईचा अर्ज टाका. वनमंडळ अधिकाऱ्यालाही गावाच्या सह्यांचा अर्ज द्या. एकट्या शेतकऱ्यापेक्षा पंचायतीचा ठराव लवकर हलतो. २०२५ मध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकून काळवीट आणि रोजडे पकडले आणि दुसरीकडे सोडले. ठरावात तुमच्या भागासाठी हीच मागणी स्पष्ट शब्दांत लिहा.