गेल्या एक-दोन वर्षांतले कोणते नवीन अल्बम खरंच ऐकण्यासारखे आहेत? कुठलाही प्रकार चालेल, पण प्रामाणिक मत सांगा.

प्रामाणिक मत मागितलंय म्हणून आधीच सांगतो, मी समीक्षक वगैरे काही नाही, लोकलमध्ये जाता-येता आणि रात्री जेवणं उरकल्यावर कानात हेडफोन घालून बसणारा साधा माणूस आहे. फक्त एक खोड आहे, अल्बम शफलवर लावत नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकतो, आणि म्हणूनच आजकालच्या अल्बमबद्दल माझी पहिली तक्रार लांबीची आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात, तिकडे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत ठरावीक स्ट्रीम झाले की एक अल्बम खपला असं मोजतात, मग काय, जितकी गाणी कोंबाल तितका आकडा फुगतो. मोठमोठी मंडळीसुद्धा या मोहातून सुटलेली नाहीत.

टेलर स्विफ्टचंच घ्या. एप्रिल २०२४ मध्ये 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' आला, सोळा गाणी, ती लोकांनी धड ऐकूनही झाली नव्हती तर दोनच तासांत बाईंनी आणखी पंधरा टाकली. एकूण एकतीस. शब्द चांगले लिहिते हो ती, त्याबद्दल वाद नाही, पण तोच मध्यम वेग, तेच मऊ सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे सूर), विसाव्या गाण्यापर्यंत पोचेस्तोवर कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं काही कळत नाही. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' आला, बाराच गाणी, निर्माता मॅक्स मार्टिन परत जोडीला, म्हटलं चला, आता जमलं. तर पहिलं ऑफेलियावालं गाणं झकास आहे आणि पुढे सगळं ठीकठाक. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात चाळीस लाखांचा आकडा गाठला, विक्रम झाला, पण एकाच अल्बमची इतकी कव्हरं आणि इतक्या रंगांच्या रेकॉर्ड्स विकायला काढल्या होत्या की चाहत्यांच्या खिशाची कीव यावी. स्विफ्टी लोकांनी कमेंटमध्ये शिव्या घालायला हरकत नाही.

बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' (मार्च २०२४) तर सत्तावीस ट्रॅकचा, सव्वा तासाच्या वर, पण इथे मी जरा मऊ पडतो, कारण बाईला काहीतरी सांगायचंय. बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं, पुढे ते गोऱ्यांच्या कंट्री संगीताची ओळख होऊन बसलं, आणि 'टेक्सास होल्ड एम'मध्ये बँजो वाजवायला तिने बोलावली रिआनन गिडन्सला, जिने हाच इतिहास लोकांपुढे आणायला अनेक वर्षं घातलीत. (आपली गणपतीतली बँजो पार्टी वेगळी बरं का, ते बुलबुलतरंग असतं.) एका गाण्यात मध्येच 'कारो मिओ बेन' हे जुनं इटालियन गाणं गाते, ते ऐकून दाद द्यावीच लागते. ग्रॅमीवाल्यांनी अल्बम ऑफ द इयर दिलं, द्यायलाच हवं होतं. तरी मधले ते अर्ध्या-एक मिनिटाचे रेडिओ कार्यक्रमासारखे तुकडे दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत, आणि आठ-दहा ट्रॅक गाळले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं तो अल्बम. कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाचा गायक बॅड बनी, जानेवारी २०२५, 'देबी तिरार मास फोतोस', म्हणजे आणखी फोटो काढायला हवे होते. सतरा गाणी, तासाभराचा, म्हणजे माझी लांबीची तक्रार इथेही लागू व्हायला पाहिजे, पण होत नाही. आधी कव्हर बघा. मागे केळी आणि पुढ्यात दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, बस्स, माणूस कोणी नाही. गुहागर-देवगडकडच्या कुठल्याही घराच्या परसात उभं राहून काढला असेल असा फोटो. पहिल्या गाण्यात एल ग्रान कॉम्बो या तिकडच्या बँडच्या जुन्या साल्साचा (लॅटिन नाचाच्या संगीताचा) तुकडा वाजतो आणि जरा रमताय म्हणेपर्यंत त्यावर देम्बो या क्लबातल्या नाचाचा बीट आदळतो. 'बाइले इनोल्विदाब्ले' सहा मिनिटांचं आहे, सुरुवातीला नुसता सिंथचा घुमारा, वाटतं काय लावलंय हे, आणि मग एकदम ब्रास, कोंगा, पियानो असा अख्खा साल्सा बँड सुरू होतो, त्यात वाजवणारी पोरं तिथल्या संगीत शाळेतली आहेत, विद्यार्थी! पोरं इतकी मोकळी वाजवतात की हा माणूस पुढे गातोय हे दोन मिनिटं विसरायला होतं. आणि 'काफे कॉन रॉन'मध्ये प्लेना आहे, हातात धरून वाजवायच्या लहान-मोठ्या डफांवर चालणारा प्रकार, याला तिकडे गायचं वर्तमानपत्र म्हणतात, वस्तीत काय घडलं, कोण कोणाशी भांडलं, संपात काय झालं हे सगळं गाण्यातून सांगायचं. आपल्या शाहिरांचीच जातकुळी.

पण मला धरून ठेवलं ते हवाईवाल्या गाण्याने. हवाईचं जे झालं ते आपल्या बेटाचं होऊ नये, किनारे बाहेरच्यांच्या हातात जातील आणि आपलीच माणसं बोचकं उचलून निघतील, ही भीती त्यात आहे. सिंधुदुर्गात सातबाऱ्यावरची नावं कशी बदलत चाललीयत किंवा गोव्यात कोणाचे व्हिला उभे राहतायत हे ज्याने पाहिलंय त्याला स्पॅनिशचा एक शब्द आला नाही तरी चालेल. यूट्यूबवर जाऊन त्याचे व्हिज्युअलायझर, म्हणजे गाण्यासोबतचे साधे व्हिडिओ, पण बघा, तिथे पोर्तो रिकोचा इतिहास लिहून दाखवलाय, एका इतिहासाच्या प्राध्यापकाकडून लिहून घेतलेला. जगातला सगळ्यात जास्त ऐकला जाणारा रेगेटोनवाला (लॅटिन नाचाचं रॅप-संगीत ते) असलं काही करतो म्हणजे कमाल आहे. मधली दोन-तीन नेहमीची क्लबची गाणी सोडली तर मला यात काढण्यासारखं काही सापडत नाही.

स्पॅनिशवरून आठवलं, स्पेनच्या गायिका रोसालियाचा 'लुक्स' (नोव्हेंबर २०२५). सोबतीला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, डझनभर भाषा आणि वेगवेगळ्या देशांतल्या संत स्त्रियांच्या आयुष्यांवरून सुचलेली गाणी. कागदावर वाचलं तेव्हा वाटलं, झालं, आता ही पण शहाणपणा शिकवणार. 'बेर्घाइन'मध्ये जर्मन कोरस आणि व्हायोलिनं अशी काही अंगावर येतात की पहिल्यांदा ऐकताना मी आवाज कमी केला होता. पण आवाज काय लावलाय तिने! 'ला पेर्ला'मध्ये जुन्या प्रियकराला वॉल्ट्झच्या, म्हणजे जोडीने नाचायच्या तीन मात्रांच्या, ठेक्यावर, इतक्या गोड आवाजात धुतलंय की तो माणूस आयुष्यभर लग्नाच्या पार्टीत तो ठेका ऐकला की दचकेल. तरी पूर्ण अल्बम एका बैठकीत जड जातो, आणि इतक्या भाषा कशाला हे मला अजून पटलेलं नाही, काही ठिकाणी ती गाण्याची गरज नसून तिची हौस वाटते. आपल्याकडे जनाबाईने दळण-कांडण करता करता एकाच भाषेत देवाला नावं ठेवली, तिचं काही अडलं नाही.

रॉकमध्ये द क्युअर, इंग्लंडचा जुना बँड. सोळा वर्षांनी अल्बम, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', १ नोव्हेंबर २०२४, आठ गाणी, पन्नास मिनिटांच्या आत. आठ! त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तेव्हा पासष्टीचा, आवाज अजून तसाच रडवेला, आणि पहिल्या गाण्यात तीन मिनिटांच्या वर होईपर्यंत तो तोंडच उघडत नाही, नुसते ड्रम्स आणि कीबोर्डचे ढग. शेवटचं गाणं दहा मिनिटांचं, तिथे तर आणखी थांबवतो. रीलच्या जमान्यात असं करायला हिंमत लागते. एक गाणं गेलेल्या भावावर आहे, घरात नुकतं कोणी गेलं असेल तर ते आत्ता लावू नका, उगाच त्रास होईल. अल्बम उदास आहे हे मान्य, सलग उदास आहे, एकाच रंगाचा आहे, पण कुठेही वेळकाढूपणा नाही.

मेटल ऐकत असाल तर ब्लडीवूडचा 'न्यू दिल्ली' (मार्च २०२५) आहे, दिल्लीचीच पोरं, ढोल, बासरी, पंजाबी-हिंदी-इंग्लिश सगळं एकत्र, आठ गाणी. चक्क 'तडका' नावाचं खाण्यावरचं गाणं आहे आणि जपानच्या बेबीमेटल बँडबरोबर एक आहे. लाइव्ह ऐकायला धमाल येणार यात शंका नाही, घरी बसून ऐकताना मात्र चौथ्या गाण्यापासून पुढचं सगळं आधीच कळायला लागतं.

मराठीचं विचारणार हे माहीत होतं. 'संगीत मानापमान' (जानेवारी २०२५) या सिनेमाची गाणी मी अल्बम म्हणूनच ऐकली. संगीत शंकर-एहसान-लॉय, दिग्दर्शक सुबोध भावे, हीच मंडळी २०१५ च्या 'कट्यार'ला होती त्यामुळे अपेक्षा आभाळाला. राहुल देशपांडे, महेश काळे, शंकर महादेवन, आवाजांची श्रीमंती एवढी की बोलायची सोय नाही. पण माझं मन नाही भरलं. खाडिलकरांचं मूळ नाटक १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि ते टिकलं ते कशामुळे, तर नट रंगमंचावर उभा राहून ऑर्गन-तबल्याच्या आधाराने पद फुलवायचा, समोरून वन्समोअर आला की तेच पद नव्या जागा घेऊन परत गायचा, बालगंधर्वांच्या 'नाही मी बोलत नाथा'च्या गोष्टी अजून त्याच कारणासाठी सांगतात. इथे सगळं साडेतीन-चार मिनिटांत बसवलंय, मागे व्हायोलिनांची भिंत, कोरस, ढणढणाट, गायकाने एक तान घेतली की लगेच ऑर्केस्ट्रा चढून बसतो, श्वास घ्यायला जागा नाही. कट्यारमध्ये ते चाललं कारण तिथे गोष्टच दोन गवयांच्या जुगलबंदीची होती. भामिनी आणि धैर्यधराच्या रुसव्याफुगव्याला एवढा लवाजमा कशाला? तरी लहान मुलांना नाट्यसंगीताची गोडी लावायला कारमध्ये लावा, हे मी मनापासून सांगतो, पोरं ऐकतात.

याच्या अगदी उलट ऐकायचं असेल तर आरूज आफताबचा 'नाइट रेन' (मे २०२४), रेन म्हणजे पाऊस नव्हे, राज्य. लाहोरमध्ये वाढलेली, ब्रुकलिनला राहते, उर्दू गाते पण गझलच्या मैफलीसारखं नाही, हार्प, बास, गिटार, आणि मध्ये मोकळी जागाच जागा. 'ना गुल' ऐका, शब्द हैदराबादच्या माह लका बाई चंदांचे, निजामाच्या दरबारातल्या अठराव्या शतकातल्या शायरा, म्हणजे आपल्या दख्खनच्याच. त्या ओळी ही बाई इतक्या सावकाश सोडते की एकेक शब्द संपायची वाट बघावी लागते. 'रात की रानी'त आवाजावर थोडा ऑटोट्यून (सूर बदलणारं सॉफ्टवेअर) लावलाय, शास्त्रीयवाले नाक मुरडतील, मला आवडलं. एक गाणं इंग्लिश जॅझचं जुनं आहे, ते एवढं वेगळं केलंय की ओळखायला वेळ लागतो. नऊच गाणी. गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त वेळा मी हाच अल्बम लावलाय.

राहिलं हिप हॉप. केंड्रिक लामारचा 'जीएनएक्स', २२ नोव्हेंबर २०२४ ला काही न सांगता टाकला, बारा गाणी, ४४ मिनिटं, सुरुवात एका मारियाची (मेक्सिकोचं लोकसंगीत) गायिकेच्या स्पॅनिश आवाजाने. गाड्यांत मोठ्याने लावायची गाणी जास्त आणि विचार कमी असं लोक म्हणाले, अर्धं खरं आहे, पण 'रीइनकार्नेटेड'मध्ये भाऊ मागचे जन्म सांगतो, आधी गिटारवाला, मग व्यसनात बुडालेली गायिका, आणि शेवटी थेट देवाशी वाद घालतो. पुनर्जन्माचा विषय आपला, गाणं लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या पोराने केलं. 'लूथर' मात्र एवढं वाजलंय की माझे कान किटले. आणि हो, शिव्या भरपूर आहेत, घरात आई-बाबा असतील तर स्पीकरवर लावू नका, आधी क्युअर आणि आरूज ऐका, हा नंतर हेडफोनवर.