डिस्टोपियन कादंबरी लिहायची असेल तर कॅमेऱ्याआधी रकाने बघा

तुमचा प्रश्न असा: पाळत आणि तंत्रज्ञानाच्या कोणत्या खऱ्या घडामोडींवरून डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य दाखवणाऱ्या, कादंबरीसाठी कल्पना घेता येतील, आणि कथा किती वर्षं पुढच्या काळात ठेवावी? दुसऱ्या भागाचं उत्तर शेवटी देतो, कारण ते पहिल्यावर अवलंबून आहे.

अशी कथा सुचायला लागली की आधी डोळ्यापुढे येतो तो कॅमेरा. रस्त्यावर, छतावर, ड्रोनवर लावलेला. पण तिथेच थांबलात तर कादंबरी जुनी वाटेल. कॅमेरा नुसता बघतो. माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं ते त्यानंतरच्या टप्प्यांत. बघितलेल्याची नोंद होते, नोंदीवरून अंदाज बांधला जातो, अंदाजाचा निर्णय होतो आणि त्याविरुद्ध दाद मागायला गेलं तर ऐकून घ्यायला कोणी बसलेलं नसतं. आजच्या काळातली खरी भीती मला इथे दिसते. तिची उदाहरणं नव्या गॅजेटच्या बातम्यांत फारशी मिळत नाहीत. ती चौकशी आयोगांच्या अहवालांत आणि कोर्टाच्या निकालांत मिळतात.

चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचंच बघा. 2018 मध्ये डेट्रॉइटच्या एका दुकानातून घड्याळं चोरीला गेली. सीसीटीव्हीतलं अंधुक चित्र पोलिसांनी सॉफ्टवेअरला दिलं आणि त्याने एका गृहस्थांच्या मुदत संपलेल्या लायसन्सवरचा फोटो पुढे केला. जानेवारी 2020 मध्ये या गृहस्थांना घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घालून नेलं. सुमारे 30 तास ते कोठडीत होते. चौकशीत त्यांनी ते चित्र स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरलं, तेव्हा हा माणूस वेगळा आहे हे तिथल्या तिथे दिसत होतं. सॉफ्टवेअर चुकलं, ते तर झालंच. पण लेखकाने बघावं ते मधल्या पायऱ्यांकडे. फोटोंच्या रांगेतून या गृहस्थांना 'ओळखणारी' साक्षीदार चोरीच्या वेळी दुकानात हजरच नव्हती, तिनेही फक्त व्हिडिओ पाहिला होता. तरी तिची ओळख धरून वॉरंट निघालं. प्रत्येक पायरीवर माणूस होता आणि प्रत्येकाने आधीच्या पायरीवर विश्वास टाकला. 2024 मध्ये शहराने 3 लाख डॉलर भरपाई देऊन तडजोड केली आणि नुसता चेहरा जुळला म्हणून अटक करायची नाही, हे पोलिसांना मान्य करावं लागलं.

माझं काम डेटाबेस सांभाळण्याचं आहे, त्यामुळे या पायऱ्या मला जवळून दिसतात. तक्त्यात एखादा रकाना रिकामा राहिला तर पुढचा प्रोग्रॅम अडून बसतो. मग कोणीतरी तिथे डीफॉल्ट, म्हणजे आपोआप भरली जाणारी ठरावीक, नोंद भरायची सोय करून ठेवतं: पत्ता माहीत नसेल तर शेवटचा ज्ञात पत्ता, उत्पन्न माहीत नसेल तर सरासरी. भरणाऱ्याला पक्कं माहीत असतं की हा अंदाज आहे. पण तो तक्ता दुसऱ्या विभागाकडे गेला की अंदाज कुठला आणि माहिती कुठली हे सांगणारी एकही खूण त्यात उरत नाही. तिसऱ्या विभागात त्याच आकड्यावर सही होते. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. म्हणूनच मला हे फार गंभीर वाटतं, आणि कादंबरीसाठी फार मोलाचंही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथल्या सरकारने 2015 मध्ये सुरू केलेल्या आणि पुढच्या वर्षी पूर्ण स्वयंचलित केलेल्या, जादा दिलेला भत्ता वसूल करायच्या योजनेला लोक 'रोबोडेट' म्हणतात. बेरोजगार भत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरायचा, पण आयकर खात्याकडे आकडा असायचा वर्षाचा. कॉम्प्युटरने सरळ 26 ने भागाकार केला. सोयीचे आकडे घेऊन दाखवतो. समजा एका बाईंनी पहिले सहा महिने पंधरवड्याला 2,000 डॉलरप्रमाणे काम केलं, म्हणजे 13 पंधरवड्यांत 26,000 कमावले. मग नोकरी गेली आणि उरलेले सहा महिने त्यांनी नियमाप्रमाणे भत्ता घेतला. कॉम्प्युटरने 26,000 ला 26 ने भागलं आणि वर्षभर दर पंधरवड्याला 1,000 कमाई होती असं धरलं. साहजिकच बेकारीच्या महिन्यांतही बाई कमावत होत्या, तरी भत्ता घेतला, म्हणजे सरकारचं देणं लागतात, असं पत्र गेलं. आता हे खोटं आहे हे बाईंनी सिद्ध करायचं, तेही कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा शोधून. तोपर्यंत ती कंपनी बंद पडलेली असली तरी.

अशी पत्रं 4 लाखांहून जास्त लोकांना गेली. 2019 मध्ये हा हिशेब बेकायदेशीर असल्याचं सरकारला कोर्टात कबूल करावं लागलं. रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा, अहवाल जुलै 2023 मध्ये आला. आयोगापुढे दोन आयांनी आपल्या मुलांच्या आत्महत्येबद्दल साक्ष दिली आहे. तो अहवाल जरूर वाचा. कोणत्या अधिकाऱ्याला कधी शंका आली, कोणाचा कायदेशीर सल्ला बाजूला ठेवला गेला, बैठकीत कोण गप्प बसलं, सगळं त्यात आहे. आणि या सगळ्या प्रकरणात कृत्रिम बुद्धिमत्ता औषधालाही नाही.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण याच जातीचं, फक्त जास्त लांबलेलं. 1999 पासून आलेल्या 'होरायझन' नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होते. त्यामुळे छोट्या शाखांच्या हिशेबात तूट दिसायची आणि ती शाखा चालवणाऱ्याने चोरली असं धरलं जायचं. 900 हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. बाहेरून शाखेच्या नोंदी बदलता येत नाहीत असं पोस्ट ऑफिस ठामपणे सांगत राहिलं. प्रत्यक्षात त्या बदलता येत होत्या. शिवाय इंग्लंडच्या कोर्टांत कॉम्प्युटर बरोबर चालत होता असंच गृहीत धरलं जातं, उलट दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. कल्पित राज्यासाठी कायदा शोधत असाल तर तो हाच घ्या. शिक्षा रद्द करायला अखेर 2024 मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला.

नेदरलँड्सकडे मी थोडं जास्त थांबायला सांगेन, कारण तिथे एकाच देशात दोन गोष्टी शेजारी दिसतात. 1930 च्या दशकात त्यांनी जगातली बहुधा सर्वांत नीटनेटकी लोकसंख्या नोंदणी उभारली. प्रत्येकाचं कार्ड, त्यावर धर्मही. हेतू कारभाराच्या सोयीचा होता. 1940 मध्ये नाझी आले आणि ती कार्डं त्यांच्या हाती पडली. 27 मार्च 1943 च्या रात्री काही चित्रकार, शिल्पकार आणि विद्यार्थ्यांनी पोलिसांच्या वेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरून कार्डं पेटवून दिली. कार्डांचा थोडाच भाग जळला, आणि पकडल्या गेलेल्यांपैकी 12 जणांना त्याच जुलैमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. युद्ध संपेपर्यंत तिथल्या दर चार ज्यूंपैकी सुमारे तीन मारले गेले होते. याच देशाच्या कर खात्याने अलीकडे बालसंगोपन भत्त्यातली फसवणूक शोधायला जोखीम मोजणारं मॉडेल लावलं. अर्जदार डच नागरिक नसेल तर जोखीम वाढायची. एखादी सही राहिली म्हणून कुटुंबांना कित्येक वर्षांचा भत्ता परत करायला लावला, घरं कर्जात बुडाली, हजाराहून अधिक मुलं आईवडिलांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. जानेवारी 2021 मध्ये सरकारने राजीनामा दिला. या दोन घटनांची बरोबरी मी करत नाही, त्यांतल्या क्रौर्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण चांगल्या हेतूने भरलेला एक रकाना पुढे कोण वाचेल हे भरणाऱ्याच्या हातात नसतं, हे दोन्हीकडे दिसतं. 2021 मध्ये अफगाणिस्तानात बायोमेट्रिक उपकरणं तालिबानच्या हाती लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला ती कार्डंच आठवली.

चीनबद्दल बोलायलाच हवं, पण प्रत्येक नागरिकाला एक गुण देणाऱ्या यंत्राची कल्पना उचलू नका. तसा एकच देशव्यापी आकडा तिथे नाही. कोर्टाचं देणं न फेडणाऱ्यांची यादी आहे, तीत नाव गेलं की विमानाचं किंवा वेगवान रेल्वेचं तिकीट मिळत नाही. याहून कितीतरी भयंकर गोष्ट उइघुर मुस्लिमांच्या शिंजियांग प्रांतात घडली. तिथले पोलीस वापरत असलेलं एक ॲप ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने उलगडून बघितलं आणि 2019 मध्ये अहवाल काढला. त्या ॲपमध्ये माणसांचे 36 'प्रकार' होते. पुढच्या दाराने ये-जा न करणारा. शेजाऱ्यांत न मिसळणारा. मशिदीसाठी उत्साहाने वर्गणी गोळा करणारा. नेहमीपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्याचीही चौकशी व्हायची. एखाद्याने दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत पेट्रोल भरलं तरी पोलिसांना सूचना जायची, मग भावाची गाडी का आणली याचा जबाब द्यायचा. हे नियम कोणीतरी ऑफिसात बसून, यादी करून लिहिले असणार. प्रकार क्रमांक अमुक, मागचं दार. त्या माणसावर एक प्रकरण लिहा असं मी तुम्हाला आवर्जून सांगेन.

फोनमध्ये घुसणारी पेगॅसससारखी हेरगिरी खरी आहे आणि पत्रकारांसाठी जीवघेणी आहे, पण ती महागडी आणि नेमकी माणसं निवडून केलेली असते. कथेत ती लवकर थरारपटाकडे झुकते. मला जास्त अस्वस्थ करते ती स्वस्त पाळत. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याकडे शेवटी सुमारे 91,000 पगारी माणसं होती, खबरे वेगळे, आणि लोकसंख्या होती 1 कोटी 60 लाखांच्या आसपास. एवढी माणसं पोसावी लागायची. आता गाडी स्वतःच लिहून ठेवते. 2022 मध्ये अमेरिकेत एका चालकाचा विम्याचा हप्ता अचानक वाढला. त्याने आपली फाइल मागवली तर 258 पानं निघाली: सहा महिन्यांतल्या 640 फेऱ्या, प्रत्येकीत जोरात ब्रेक किती वेळा लावला, वेग कधी वाढवला. गाडीच्या कंपनीकडून ही माहिती डेटा विकणाऱ्या कंपनीकडे आणि तिथून विमा कंपन्यांकडे जात होती. समोर लहान मूल आलं म्हणून ब्रेक लावला, यासाठी फाइलमध्ये रकाना नाही.

कामाच्या जागाही सोडू नका. फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने 2023 च्या अखेरीस ॲमेझॉनच्या तिथल्या गोदाम कंपनीला दंड केला. कामगारांच्या हातातला स्कॅनर त्यांचा हरेक क्षण मोजत होता. दहा मिनिटं स्कॅन झालं नाही तर नोंद. उलट आधीच्या वस्तूनंतर 1.25 सेकंदाच्या आत दुसरी वस्तू स्कॅन केली तरी नोंद, कारण घाईत चूक होऊ शकते. हळू असलात तरी दोष तुमचा, भरभर केलंत तरी तुमचाच. हा सव्वा सेकंद एका अख्ख्या पात्राला पुरेल.

नायक कोण असावा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मनात एक जण आहे: टेबलापलीकडे बसलेला कर्मचारी. पोलंडमध्ये 2014 पासून काही वर्षं बेरोजगारांना 24 प्रश्न विचारून कॉम्प्युटर तीनपैकी एका गटात टाकायचा, आणि तिसऱ्या गटाला मदत जवळजवळ मिळायचीच नाही. गट बदलायचा अधिकार कर्मचाऱ्याला होता. तो बदलला गेला शंभरात एकाहूनही कमी वेळा. वेळ नसायचा, वरिष्ठ जाब विचारतील ही धास्ती असायची. तो माणूस दुष्ट नाही. समोरच्या बाई खरं बोलताहेत हे त्याला कळतंय, स्क्रीनवर वेगळंच दिसतंय आणि बाहेर रांग वाढते आहे.

आता काळ. उडत्या गाड्या आणि मेंदूत चिप असलेलं शतक निवडलंत तर वाचक सुटकेचा श्वास सोडेल, कारण ते त्याचं जग नसेल. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक गोष्टींना भविष्यातलं काही लागलं नव्हतं, रोबोडेटला तर नुसता भागाकार पुरला. म्हणून वर्तमानापासून सुरू करा: एखादी नोंदणी सगळ्यांच्या संमतीने, खरोखर भल्यासाठी सुरू होते आहे, लोक आनंदाने रकाने भरताहेत. मग कथा दहा वर्षं पुढे न्या, मधे एकदा सरकार बदलू द्या. डच कार्डांच्या बाबतीत तर त्याहूनही कमी काळ गेला होता.