नेम हलायला हवा, पण कशामुळे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं मित्र मिळून दुसऱ्या महायुद्धावरचा छोटा शूटर बनवताय आणि बोल्ट-ॲक्शन रायफल (प्रत्येक बारानंतर हातानं खटका ओढून पुढची गोळी भरायची) हे त्यातलं मुख्य हत्यार आहे. पहिल्या बिल्डमध्ये (खेळाच्या आवृत्तीत) रायफल स्थिर ठेवली, तर एक टेस्टर म्हणाला, "ही रायफल नाही, लेझर आहे." मग स्वे, म्हणजे नेमाचं डुलणं, वाढवला, तर दुसरा म्हणाला, "सैनिक पिऊन आलाय का?" आता खरेपणा किती ठेवायचा आणि खेळायला बरं वाटेल असं किती, हे विचारताय.

दोन्ही टेस्टरांचं बरोबर आहे. चूक आहे ती खरेपणा एका टोकाला, मजा दुसऱ्या टोकाला आणि आपण मध्ये कुठेतरी स्लायडर लावायचा, या समजुतीत. मी आठ-नऊ वर्षं हौसेनं मॉड (तयार खेळांत केलेले बदल) बनवतोय आणि तेवढाच काळ हे असले खेळ खेळतोय. त्यातून माझं एकच मत पक्कं झालंय: अडचण सैनिकाला जिथे होती तिथे ठेवावी, खेळाडूचा हात आणि माउस यांच्या मध्ये ठेवू नये.

आधी झूमचं बघू, कारण "खऱ्या रायफलच्या साध्या साइटमधून (नेम धरायच्या खुणेतून) झूम होतो का?" असं कोणीतरी विचारणारच. होत नाही. पण हिशोब करून बघा. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंमी रुंद असतो. तुम्ही ६० सेंमीवर बसलात तर तो तुमच्या डोळ्यासमोरचे जेमतेम ४८ अंश व्यापतो. तेवढ्याच खिडकीत खेळ ९० अंशांचं दृश्य कोंबतो, म्हणजे समोरचं सगळं निम्म्याहून लहान दिसतं. ३०० मीटरवर उभा असलेला १.८ मीटर उंचीचा माणूस १९२० बाय १०८० च्या पडद्यावर उंचीला सहा पिक्सेलसुद्धा भरत नाही. खांद्याची रुंदी दीड पिक्सेल. प्रत्यक्षात चांगल्या डोळ्याच्या सैनिकाला तोच माणूस सहज दिसतो, चालतोय की वाकलाय हेही कळतं. म्हणजे साइट डोळ्याला लावल्यावर दृश्य ४८-५० अंशांवर आणलं, तर ती दुर्बीण नव्हे, पडद्यानं आधी चोरलेली नजर परत दिली एवढंच. रेड ऑर्केस्ट्रा २ या महायुद्धाच्या खेळात श्वास रोखून दृश्य जवळ येतं त्यावर त्या काळी बरीच नाकं मुरडली गेली होती. मीही मुरडलं होतं. हा हिशोब केल्यावर गप्प बसलो.

दुसरी गोष्ट साइटची. मी रेंजवर पॉइंट टू-टू (०.२२ इंच, लहान गोळीची) रायफल चालवली आहे, फार नाही, पण डोकं ठिकाणावर येण्याइतकी. पहिल्या दिवशी सगळेच लक्ष्याकडे टक लावून बघतात. शिकवणारा ओरडतो, "माशीकडे बघ!" माशी म्हणजे नळीच्या टोकाची पुढची साइट. डोळा एका वेळी एकाच अंतरावर जमतो. माशी स्पष्ट हवी, मागची साइट धूसर चालेल आणि लक्ष्यही थोडं धूसर दिसेल. खेळात मात्र तिन्ही गोष्टी काचेसारख्या स्वच्छ दिसतात, आणि लेझरची भावना निम्मी इथूनच येते. लक्ष्य धूसर करू नका, कारण पिक्सेलचा दुष्काळ आधीच आहे. मागची साइट मात्र धूसर करा. अमेरिकी एम-१ गॅरँड किंवा ब्रिटिश ली-एनफील्ड नंबर ४ रायफल असेल तर हे करायलाच हवं. त्यांची मागची साइट म्हणजे बारीक भोक. खऱ्या डोळ्याला त्या भोकाची कडा विरघळल्यासारखी दिसते, आणि माशी मध्यावर आणायचं काम डोळा न सांगता करतो. खेळात तीच कडा जाड काळी बांगडी होऊन अर्धा पडदा खाते. मग खेळाडू म्हणतात की गॅरँडची साइट भिकार आहे. त्या काळातल्या सैनिकी रायफलींत ती उत्तमांपैकी गणली जाते! जर्मन कार-९८के ला मागे व्ही आकाराची खाच आणि पुढे टोकदार माशी असते. ती पडद्यावर सोपी वाटते, प्रत्यक्षात अंधूक उजेडात वैताग आणते. आपल्या खेळांनी हा क्रम उलटा करून ठेवलाय.

आता स्वे. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणून जरा थांबतो.

कार-९८के च्या दोन साइटमध्ये अंदाजे अर्धा मीटर अंतर असतं. माशी एक मिलिमीटर सरकली की १०० मीटरवर गोळी २० सेंमी सरकते आणि ३०० मीटरवर ६०. उभं राहून चार किलोची रायफल धरा, मिलिमीटरभर हलणं म्हणजे काहीच नाही. म्हणून उभ्यानं नेम हलतो हे खरंच आहे. पण पालथं पडून, कोपर जमिनीला टेकवून, नळीखाली मातीची पिशवी असेल तर माशी अक्षरशः थांबते. १९१४ पूर्वीच्या ब्रिटिश पायदळाच्या सरावात मिनिटाला १५ नेमके बार ३०० यार्डांवर मारायची चाचणी होती, तीही पालथं पडून आणि हातानं बोल्ट ओढून. त्या शिपायांना तुमच्या दुसऱ्या बिल्डमधला स्वे दिला असता तर ते लक्ष्याच्या शेजारची टेकडी उकरत बसले असते.

मग रेंजवर नवशिक्याचा नेम चुकतो कशानं? माझा अनुभव सांगतो: हलण्यानं कमी, चाप हिसकण्यानं जास्त. माशी डुलत डुलत काळ्या ठिपक्यावर येते, मन म्हणतं "आत्ता!", बोट चापाला झटका देतं आणि नळी खाली-उजवीकडे जाते. खेळात हा चापच नाही. माउसची क्लिक फुकट आहे, तिनं काहीच हलत नाही. म्हणून खेळातला स्वे दोन कामं करतो, शरीराचं हलणं दाखवतो आणि नसलेल्या चापाची भरपाईही करतो. त्यामुळे तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त ठेवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आंधळ्या स्वेला.

माझ्या एका मॉडमध्ये मी आडव्या आठच्या आकाराचा स्वे ठेवला होता. दिसायला झकास. दोन दिवसांत खेळणाऱ्यांनी ओळखलं की माशी दर अमुक सेकंदांनी मध्यावरून जातेच. ते शांतपणे वाट बघायचे आणि ठोकायचे. नवा माणूस मात्र माउसनं त्या आठाशी झटापट करत बसायचा. म्हणजे नवख्याला शिक्षा आणि जुन्याला बक्षीस, तेही नेमबाजीशी काडीचा संबंध नसलेल्या कौशल्याचं. मग मी सगळं काढून टाकलं आणि स्वेला कारण दिलं. धावत आलात तर जास्त, नुकतेच उभे राहिलात तर थोडा, माउस झटक्यानं फिरवलात तर त्या प्रमाणात. स्थिर राहिलात की दीडएक सेकंदात तो बसतो. पालथं पडून टेकू घेतला की जवळपास शून्य. श्वास रोखायची सोय ठेवली, पण आठ-दहा सेकंदांनंतर उलट थरथर वाढते, प्रत्यक्षातही तसंच होतं. एकूण स्वे आधीच्यापेक्षा फार कमी नव्हता. तक्रारी मात्र थांबल्या, कारण नेम हलला तर का हलला हे आता प्रत्येकाला कळत होतं.

वजनाबद्दल. माउस शंभरएक ग्रॅमचा, रायफल चार किलोची. तिला वजन नाही दिलं तर खेळाडू डोळ्याचं पातं लवायच्या आत मागे वळून बार काढतो. वजन द्यायचं म्हणून माउसच जड केला, तर त्याला वाटतं पीसी लॅग मारतोय. यावर जुना तोडगा आहे: कॅमेरा आणि नळी वेगळ्या करा. ऑपरेशन फ्लॅशपॉइंट या युद्धाच्या खेळात २००१ सालीच हे होतं, पुढे रेड ऑर्केस्ट्रानं महायुद्धाच्या खेळात आणलं. मान लगेच वळते, नळी मागून येते. पडद्याच्या मधोमध गोळी जाईलच असं नाही, नळी जिकडे बघतेय तिकडे जाते. क्रॉसहेअर (पडद्यामधली नेमाची फुली) नसतानाही अन्याय वाटत नाही, कारण नळी डोळ्यांसमोर असते. लांबीही इथेच उपयोगी पडते. पहिल्या महायुद्धातली जर्मन गेवेर ९८ सव्वा मीटर लांब, कार-९८के त्याहून १४ सेंमी आखूड. दारातून वळताना लांब नळी अडकू द्या, म्हणजे जवळच्या मारामारीत सबमशीनगन आपोआप सरस ठरते.

पहिल्या महायुद्धावरच्या बॅटलफील्ड १ या खेळानं हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं सोडवला. तिथे बहुतेक बोल्ट-ॲक्शन रायफलींना ठरावीक अंतराचा पट्टा आहे. त्या पट्ट्यात छातीला लागली तर एका गोळीत माणूस पडतो. त्याहून जवळ असेल तर पडत नाही. गोळी जवळून कमी मारते, हे भौतिकशास्त्राच्या बापालाही पटणार नाही. पण हेतू मी समजू शकतो. प्रत्येक रायफलला स्वभाव मिळाला आणि खंदकात शॉटगनवाल्याला जगायला जागा मिळाली. मजेशीर खेळ आहे. फक्त तोच परिणाम लांबी आणि वजनातून मिळाला असता, तर रायफलीबद्दल खोटं सांगावं लागलं नसतं.

गोळी खाली पडण्याचं कौतुक जरा आवरा, ही विनंती. कार-९८के ची गोळी सेकंदाला सुमारे ७६० मीटरनं निघते. तुमचे मॅप जर १००-१५० मीटरचे असतील तर तिथे पोचेपर्यंत ती जास्तीत जास्त वीसएक सेंमी पडते, आणि साइट त्यासाठीच लावलेली असते. तेवढ्या अंतरावर माणसाच्या डोक्यावर हातभर उंच नेम धरायला लागत असेल, तर तो खरेपणाचा देखावा आहे.

देखावा करायचाच असेल तर ऐंशीएक वर्षं मागे जा, तिथे सगळं खरोखरच वाकडं आहे. अमेरिकी यादवी युद्धातली स्प्रिंगफील्ड १८६१ बघा. गोळी इतकी सावकाश जाते की ३०० यार्डांची पट्टी उभी करून बार काढला तर मध्ये ती नेमाच्या रेषेच्या मीटरभराहून जास्त वरून जाते. शत्रू ३०० वर आहे असं समजून कमरेला नेम धरला आणि तो निघाला दीडशेवर, तर गोळी डोक्यावरून पार. तिथे कौशल्य म्हणजे अंतर ओळखणं. त्याच्याही मागे, नेपोलियनच्या काळातली ब्रिटिश ब्राउन बेस बंदूक घ्या. नळी पाऊण इंचाची, गोळी तिच्यापेक्षा बरीच बारीक, त्यामुळे नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते. मागची साइटच नाही. संगीन अडकवायचा खुंट हीच माशी. गोळी स्वैर जाणं ही तिथे खेळ बनवणाऱ्याची लबाडी नाही, तो इतिहास आहे. म्हणूनच ते सैन्य रांगा करून एकदम बार काढायचं. होल्डफास्टसारख्या खेळात एकट्यानं नेम धरून वैतागलेला माणूस रांगेत उभा राहिला की खेळ कसा उलगडतो ते बघण्यासारखं असतं. शिवाय गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या अशा बंदुकीत चाप ओढल्यावर आधी बंदुकीच्या कानाशी (बाहेरच्या छिद्रापाशी) दारू भुर्र पेटते, मग बार होतो. हाच उशीर रायफलला दिलात तर लोक लॅग म्हणून शिव्या देतील. इथे ठिणगी आणि धूर दिसतो म्हणून कोणी तक्रार करत नाही.

पण तुमचं १९४० चं दशक आहे, तिथे गोळी नळीच्या रेषेतच गेली पाहिजे. साइट डोळ्याला लावल्यावर अदृश्य शंकूतून फासे टाकून गोळी वाकडी पाठवणं हा मला सगळ्यात राग येणारा प्रकार. गोळीबाराखाली दबलेला सैनिक दाखवायचा असेल तर माशी थरथरवा, कडा काळवंडू द्या. ते दिसतं आणि खेळाडू डोकं खाली घालतो. माशी छातीवर असताना गोळी कानाजवळून गेली, तर तो खेळ बंद करतो.

गेमपॅडबद्दल फार बोलत नाही. अंगठ्याच्या काडीवर स्वे आणि एम-असिस्ट (खेळानं नेम धरायला केलेली मदत) एकमेकांशी भांडतात. स्वे निम्मा करून बघा, बहुतेक पुरेल.

अजून एक, पटकन होण्यासारखं. बोल्ट ओढताना तुमचा कॅमेरा साइटवरून खाली येतो का? बहुतेक खेळांत येतो. सरावलेला शिपाई दस्ता खांद्यावरच ठेवून बोल्ट ओढायचा. रेड ऑर्केस्ट्रात पहिल्या क्लिकला बार होतो आणि पुन्हा क्लिक केल्यावर बोल्ट ओढला जातो. मधल्या क्षणात गोळी कुठे लागली, माती कुठे उडाली ते बघता येतं आणि पुढचा नेम सुधारता येतो. ते आधी करा, कोड फारसा नाही. मग स्वे वेगाशी जोडा, साइटवरचं दृश्य ५० अंशांच्या आसपास आणा, आणि त्याच दोन टेस्टरांना काहीही न सांगता बसवा. काय बदललंय असं त्यांनी विचारलं तर फक्त कोणती रायफल चालवत होते तेवढं लिहून ठेवा आणि इथे कळवा. गॅरँडच्या साइटबद्दल ते काय म्हणतात याची मला उत्सुकता आहे.