युद्ध 'चिघळले' की 'वाढवले'?

प्रश्न असा आहे : "व्हिएतनाममधले युद्ध चिघळल्याने अमेरिकेत आंदोलने भडकली आणि समाजात फूट पडली." हे वाक्य बरोबर आहे का? संघर्ष टप्प्याटप्प्याने वाढत जाणे या अर्थाच्या इंग्रजी 'एस्कलेशन'साठी 'चिघळणे' चालेल का?

व्याकरणाची चूक वाक्यात नाही. मात्र त्यातली तिन्ही क्रियापदे बदलायला हवीत, आणि सर्वांत आधी 'चिघळणे'.

जखम कुणी मुद्दाम चिघळवत नाही. हयगय झाली, पू धरला, की ती आपोआप चिघळते. तसाच वाटाघाटी रखडल्या की संप चिघळतो, निकाल लांबला की वाद चिघळतो. वेळेवर काही न करणे हाच या शब्दाचा गाभा. १९६३ साली दक्षिण व्हिएतनाममध्ये बौद्धांच्या मागण्यांकडे राष्ट्राध्यक्ष दिएम यांच्या सरकारने पाठ फिरवली, तेव्हा तो प्रश्न चिघळला, असे म्हणणे अगदी चपखल होईल.

अमेरिकेने तिथे केले ते याच्या उलट. ७ ऑगस्ट १९६४ रोजी राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव अमेरिकी संसदेत मंजूर झाला. सिनेटमध्ये ८८ मते बाजूने आणि फक्त २ विरोधात. २ मार्च १९६५ ला उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेकीची मोहीम सुरू झाली, ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन सैनिक उतरले. २८ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची आणि दरमहा होणारी सक्तीची भरती १७ हजारांवरून ३५ हजारांवर नेण्याची घोषणा केली. यातली प्रत्येक पायरी तारखेनिशी आणि सहीनिशी चढलेली आहे. इथे 'चिघळले' लिहिले की कर्ताच नाहीसा होतो. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे तर नेमके हेच होते की हे युद्ध वाढलेले नाही, वाढवलेले आहे.

गंमत म्हणजे 'एस्कलेट' हे क्रियापद 'एस्कलेटर'वरून मागाहून तयार झाले. सरकत्या जिन्यावर माणूस चढतो की जिनाच त्याला वर नेतो, हे संदिग्धच राहते. ती संदिग्धता मराठीत ओढून आणायचे कारण नाही. वाढणे-वाढवणे, पेटणे-पेटवणे अशा जोड्या आपल्याकडे तयार आहेत. कर्ता ठाऊक असेल तर प्रयोजक रूप ('वाढवणे', 'पेटवणे') घ्यावे : 'युद्ध पायरीपायरीने वाढवत नेले'. नाम हवेच असेल तर 'युद्धाची वाढती व्याप्ती'. दोन्ही बाजू एकमेकींना पाहून जोर वाढवत असतील तर 'चढाओढ' उत्तम.

'विकोपाला जाणे' हाही दुखण्याच्या घरातला शब्द, म्हणून त्यालाही वरचाच आक्षेप लागू. 'शिगेला पोहोचणे' मात्र जपून वापरावे. शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर उभी राहणारी धान्याची रास. तिच्यावर आणखी काही राहत नाही. व्हिएतनाममधले अमेरिकी सैन्य १९६५अखेर सुमारे १ लाख ८४ हजार होते, १९६७अखेर ४ लाख ८५ हजार, आणि एप्रिल १९६९ मध्ये ५ लाख ४३ हजार. त्यानंतर ते उतरत गेले. म्हणजे सैन्यसंख्या शिगेला पोहोचली ती १९६९ मध्येच. १९६५ च्या वर्णनात हा वाक्प्रचार घातला तर पुढच्या वर्षांसाठी शब्दच उरत नाही.

आता 'आंदोलने भडकली'. भडकते ती आग, नाहीतर डोके. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी रात्रभर व्याख्याने आणि चर्चा केल्या. १५ ऑक्टोबर १९६९ ला देशभर लोकांनी कामे, वर्ग बाजूला ठेवून सभा घेतल्या, मेणबत्त्या लावल्या. याला भडकणे म्हणता येत नाही. 'विरोधाने जोर धरला' किंवा 'निदर्शने पसरली' म्हणावे. 'निषेध' आणि 'निदर्शने' मात्र एकच नव्हेत : एकट्याने पत्रक काढूनही निषेध नोंदवता येतो. निदर्शनांना लोक जमावे लागतात, आणि या अर्थी तो शब्द नेहमी अनेकवचनी. २१ ऑक्टोबर १९६७ ला पेंटॅगॉनवर, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयावर, गेला तो मोर्चा. हा मुळात लढाईतलाच शब्द : किल्ल्याला वेढा घालताना तोफा मांडायची जागा. संरक्षण खात्याच्या दारावर 'मोर्चा' नेला, हे मराठीत फारच अर्थपूर्ण होते.

'फूट' पडते ती एकसंध गोष्टीत. त्यातून तुकडे वेगळे होतात. 'दुफळी'त दोनच बाजू दिसतात. अमेरिकेत तसे सरळ दोन भाग नव्हते. युद्ध नको, पण निदर्शकही नकोत, असे म्हणणारे पुष्कळ होते. ८ मे १९७० ला न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी युद्धविरोधी विद्यार्थ्यांना मारहाण केली, म्हणजे हा तडा विद्यापीठांपासून कामगार वस्त्यांपर्यंत गेला होता. यासाठी 'तट पडले' हा शब्द मला जास्त खरा वाटतो, कारण तट कितीही असू शकतात.

तेव्हा वाक्य असे करावे : "जॉन्सन सरकारने व्हिएतनाममधले युद्ध पायरीपायरीने वाढवत नेले, तसा अमेरिकेत विरोधाने जोर धरला आणि समाजात तट पडले."

हीच कसोटी पुढच्या वाक्यांनाही लावावी. 'केंट स्टेट विद्यापीठात हिंसाचार उसळून ४ विद्यार्थी ठार झाले' असे सर्रास लिहिले जाते. ४ मे १९७० ला तिथे ओहायो नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) जवानांनी १३ सेकंद गोळ्या झाडल्या. त्यात ४ विद्यार्थी मारले गेले, ९ जखमी झाले. 'हिंसाचार उसळून'ऐवजी 'जवानांनी झाडलेल्या गोळ्यांनी' लिहावे.