निशि-कासाई की ओदाक्यू? लांबलेलं उत्तर

टोकियोत घर कुठे घ्यायचं, हा तुझा प्रश्न तसा छोटासाच. नवऱ्याचं ऑफिस शिंजुकूला, मुलगा सहा वर्षांचा, एजंट शिन-युरिगाओकाजवळ ओदाक्यू रेल्वेच्या लाइनवर घर दाखवतोय आणि ओळखीचे सगळे म्हणतायत की निशि-कासाईलाच जा, आपली माणसं तिकडे आहेत. ‘ताई, तुम्ही ओदाक्यूवर १२ वर्षं काढलीत, तुम्हीच सांगा.’ मी पण दोन ओळी लिहून मोकळी होणार होते. पण तीन दिवस झाले, कुकर लावताना, कपडे वाळत घालताना मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय. म्हणून आता लिहूनच टाकते.

व्हिसा, रेसिडेन्स कार्ड, आरोग्य विमा यातलं मी काही सांगत नाही. ते सगळं सरकारी पानांवर आहे, आणि तू डोंबिवलीची आहेस, रांगेत उभं राहायला तुला कुणी शिकवायला नको.

आधी रेल्वेचं. आपल्याकडे रेल्वे म्हणजे सरकार. विदर्भातल्या शकुंतलेसारखा अपवाद सोडला तर खासगी मालकीची रेल्वे आपल्याला माहीतच नाही. इथे ओदाक्यू ही चक्क कंपनी आहे. १९२३ मध्ये स्थापन झाली आणि १ एप्रिल १९२७ ला शिंजुकू ते ओदावारा अशी ८२.५ किलोमीटरची अख्खी लाइन तिने एका दिवशी सुरू केली. १९२९ मध्ये समुद्राकडे जाणारी एनोशिमा लाइन आली, १९७४ मध्ये तामा लाइन. तिन्ही मिळून १२०.५ किलोमीटर आणि ७० स्टेशनं. म्हणजे सीएसएमटीहून कसाऱ्याला गेलीस की झालं, तेवढाच पसारा.

पण रूळ हा त्यांच्या धंद्याचा एक भाग. स्टेशनपर्यंत आणणारी बस त्यांची, स्टेशनाखालचं ओएक्स नावाचं वाणसामानाचं दुकान त्यांचं, रुळांकडेची घरं बांधून विकणारेही तेच, आणि रविवारी हाकोनेच्या डोंगरात फिरायला जावं तर वर चढणारी गाडीही त्यांच्याच गोतावळ्यातली. लाइनीकडेची माणसं टिकली तर गाड्या भरणार, हा साधा हिशोब. जपानीत याला ‘एन्सेन’ म्हणतात. आपण नदीकाठ म्हणतो ना, तसा हा रुळांचा काठ. इथे माणसं एकमेकांना ‘कुठल्या गावचे’ असं विचारायच्या आधी ‘कुठल्या लाइनवर’ असं विचारतात. घर निवडतेस तेव्हा तू काठ निवडतेस, एवढं ध्यानात ठेव.

नवऱ्याच्या रोजच्या प्रवासाची काळजी करू नकोस. तुला फास्ट-स्लो कळतं, म्हणजे अर्धं कळलं. ‘काकुएकि तेइशा’ म्हणजे आपली स्लो, ‘कैसोकु क्यूको’ म्हणजे जादा पैसे न भरता मिळणारी सगळ्यात फास्ट. ती शिमोकिताझावा सोडल्यावर थेट नोबोरितोला थांबते, मग शिन-युरिगाओका, मग माचिदा. २०१८ च्या मार्चपर्यंत फास्ट आणि स्लो काही भागात एकाच जोडरुळांवर एकमेकींच्या मागे रखडायच्या. योयोगी-उएहारा ते नोबोरितो या ११.७ किलोमीटरमध्ये चार रूळ टाकायचं १९६४ मध्ये ठरलं, काम सुरू झालं १९८९ मध्ये आणि संपलं २०१८ मध्ये. लोक कोर्टात गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं. जपानी लोक सगळं वेळेवर करतात असं कुणी म्हटलं की मी हे ऐकवते. (ठाणे-दिव्याची पाचवी-सहावी लाइन आठवून जरा बरं वाटतं.) शिंजुकूला ओदाक्यूचे फलाट दोन मजल्यांवर आहेत, फास्ट वर, स्लो खाली. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे संध्याकाळी एक गाडी सोडून पुढच्या गाडीच्या रांगेत पुढे उभं राहिलं की बसायला मिळतं. चौथ्या सीटवर बूड टेकवून आयुष्य काढलेल्या माणसाला हे सुख सांगून कळणार नाही.

आता कागद. तुझ्या पासपोर्टवर तुझ्या नावाच्या खान्यात नवऱ्याचंही नाव असेल, तर आत्ताच सावध हो. आमचं आडनाव गोळे. जपानीत ‘ळ’ नाही, ‘ल’ही नाही, सगळं ‘र’. त्यामुळे विमानतळावरून घरी येईपर्यंत आम्ही गोरे झालो होतो. त्यावर आम्ही खूप हसलो. मग एका बँकेने इंग्रजी स्पेलिंग बघून ‘गोरु’ केलं. आता विमा गोरेंच्या नावावर आणि खातं गोरूंचं, म्हणून हप्ता कापायचा अर्ज तीनदा परत आला. दर वेळी तेच पांढरं पाकीट, तोच नम्र मजकूर, चूक कुठे ते मात्र कुठेच नाही. एका दवाखान्यात मला अजूनही नवऱ्याच्या नावाने हाक मारतात, आणि मी ‘हाय’, म्हणजे जपानीत ‘हो’, म्हणून उठते. पहिल्याच दिवशी आपलं नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या त्यांच्या लिपीत, कसं लिहायचं ते ठरव, चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेव आणि मेलं तरी त्यात काना-मात्रा बदलू देऊ नकोस.

मुलाचं पास्मो कार्ड, म्हणजे पैसे भरून ठेवायचं गाडीचं कार्ड, काढतानाही तेच नाव लागेल. ते लगेच काढ, कारण मार्च २०२२ पासून ओदाक्यूवर प्राथमिक शाळेतल्या मुलांना कार्डावर कुठूनही कुठेही फक्त ५० येन पडतात. शिंजुकूहून ओदावारापर्यंत गेलात तरी ५० येन. माझी मुलगी त्याच एप्रिलमध्ये माध्यमिक शाळेत गेली. म्हणजे आमच्या वाट्याला जेमतेम तीन आठवडे आले. तेवढ्यात आम्ही दोघी हट्टाने ओदावाराला जाऊन आलो, किल्ला पाहिला, स्टेशनवर आइस्क्रीम खाल्लं आणि परत आलो. परतीच्या गाडीत ती माझ्याशी सगळा वेळ जपानीत बोलत होती. मी मराठीत विचारत होते, ती जपानीत उत्तर देत होती.

आता शाळेचं लिहायलाच हवं. खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसले असेन.

आम्ही २०१३ मध्ये आलो तेव्हा ती चार वर्षांची होती. नोबोरितो स्टेशनात गाडी येताना डोरेमॉनचं गाणं वाजतं, कारण त्याच्या चित्रकाराचं संग्रहालय तिथून जवळ आहे. आमच्या टीव्हीवर हिंदी बोलणारा डोरेमॉन इथे स्टेशनात भेटला म्हणून ती फलाटावर नाचली होती. मला वाटलं, चला, रुळली पोर. २०१६ मध्ये वस्तीतल्या शाळेत पहिलीत गेली. शाळा वाईट नव्हती, हे आधी सांगते. मुलं स्वतः वर्ग झाडतात, स्वतः वाढून घेतात, पहिलीतली चिमुरडी एकटी चालत जातात. पण रोज दप्तरातून कागद यायचे. जपानी, सगळे जपानी. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवायची, तो मीटिंगमध्ये. एका कागदावर होतं की शुक्रवारी दुधाचे दोन रिकामे खोके धुऊन आणा, त्याची होडी करायची आहे. मला ते कळलं नाही. तास झाला, सगळ्यांच्या होड्या झाल्या, आमची हात मांडीवर ठेवून बसून राहिली. घरी येऊन बोलली नाही. दोन महिन्यांनी मी दुधाचा खोका चेपून टाकत होते, तेव्हा म्हणाली, ‘आई, हा टाकू नको, लागला तर?’ तेव्हा सगळं बाहेर आलं. आमच्या सिंकखाली अजूनही दोन धुतलेले खोके असतात. ती आता १६ वर्षांची आहे.

आणि दुसरी गोष्ट. पालकभेटीत बाईंनी अगदी प्रेमाने सांगितलं, घरी जपानी बोला, म्हणजे तिला सोपं जाईल. शिकलेली माणसं आम्ही, बाई सांगतायत म्हणजे बरोबरच असणार. वर्षभर घरात माझं मोडकं जपानी आणि नवऱ्याचं ऑफिसातलं जपानी. ती माझ्या चुका सुधारायची, मी हसायची. तिचं जपानी माझ्याशी बोलून सुधारलं असेल असं मला वाटत नाही, ते शाळेत सुधारलंच असतं. मराठी तेवढी गेली. तिला कळतं सगळं, पण आजीचा फोन आला की ‘हो’, ‘बरी आहे’, ‘जेवले’. तीन शब्द. माझी आई फोन ठेवताना विचारते, ‘रागावलीये का गं माझ्यावर?’

त्या बाईंचा काय दोष! ऐकलं आम्ही.

एकटेपणाचंही तू विचारलंस. सवय होते. पुढे.

निशि-कासाईबद्दल मी तेव्हा काय म्हटलं होतं ते सांगते, म्हणजे तुला सल्ला कुणाकडून घेतेयस ते कळेल. मी म्हटलं होतं, परत आपल्याच माणसांत राहायचं तर डोंबिवली काय वाईट होती? इथे भाडं कमी, खिडकीतून टेकडी दिसते, हवेशीर घर. म्हणून नोबोरितो आणि शिन-युरिगाओकाच्या मधलं एक छोटं स्टेशन निवडलं, कैसोकु क्यूको थांबत नाही असं. वर्षातून एकदा गणपतीला भेटीगाठी व्हायच्या. एरवी निशि-कासाईला जायचं म्हणजे चियोदा लाइनवर जाणारी गाडी पकडून ओतेमाचीला उतरायचं आणि तोझाई लाइन घ्यायची. अर्धा दिवस मोडतो. कढीपत्त्यासाठी एवढं कोण जातं? मीही नाही गेले.

गाडीत फोनवर बोलत नाहीत इथे, हे तुला कळेलच. म्हणून मी आईला स्टेशनच्या फलाटावरून फोन करायची. इथले सकाळचे ११ म्हणजे तिकडे साडेसात, तिचा दुसरा चहा. फलाटाच्या टोकाला बाक आहे. दर थोड्या वेळाने मधल्या रुळांवरून नव्हे, अगदी समोरून, कैसोकु क्यूको धडधडत जायची आणि आई म्हणायची, ‘गाडी आली वाटतं, जा तू.’ मी म्हणायची, ‘ही आपली नाही.’ मग स्लो यायची, दारं उघडायची, बंद व्हायची. मला कुठे जायचंच नसायचं. १५० येनांच्या आसपासचं तिकीट काढून मी फलाटावर बसायला यायची, कारण घरात बोललं की भिंतीवर आवाज आपटून परत यायचा. हे नवऱ्याला अजून माहीत नाही.

तर, सल्ला. पहिली दोन वर्षं निशि-कासाईला काढ. नवऱ्याला शिंजुकू थोडं लांब पडेल, पडू दे. दुपारी जिन्यात कुणीतरी ‘काय गं, झालं का जेवण’ विचारणारी असणं ही काय चीज आहे, ते मी १२ वर्षांनी लिहितेय. शाळेचा कागद दाखवायला शेजारीण हवी. मग जमलं, आवडलं, तर या काठावर ये, आणि आलीस तर फास्ट थांबते तिथेच घर घे. नोबोरितो उत्तम, तिथे नांबू लाइनही मिळते. शिन-युरिगाओकाचं एजंटचं घर वाईट नाही, स्टेशनापासून चालत किती मिनिटं ते मात्र स्वतः चढ चढून मोज. कागदावरच्या मिनिटांत टेकडी धरलेली नसते.

आणि घरात मराठीच बोल. बाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, कुणीही सांगितलं तरी मान डोलाव आणि घरी येऊन मराठी बोल.

आलात की एखाद्या शनिवारी मुलाला घेऊन आमच्याकडे ये. ३ नंबरच्या डब्यात चढ, तो लहान मुलं घेऊन फिरणाऱ्यांसाठी ठेवलाय, पोराने आवाज केला तरी कुणी वळून बघत नाही. नोबोरितोला डोरेमॉन ऐकव, मग पुढच्या स्लोने या. मुलगी घरीच असेल. तुझ्या लेकाला जपानी येत नाही, हिला इंग्रजी बोलायचा कंटाळा. बघू दोघं कशात बोलतात ते.